राखून ठेवलेलं कारण

यशू पळायला लागली की मी हातातलं काम सोडते. भाजी करपली तर करपू दे. ती अंगणातून फाटकापर्यंत जाते, फाटकाला हात लावून परत येते, आणि मी तिच्या ओठांकडे बघत असते. गुलाबी आहेत ना? शेजारच्या रुपालीवहिनी हसतात.

"अगं प्रज्ञा, पोरगी हाय ती, गॅसवरचं दूध न्हाई! किती टक लावून बसशील?"

मीही हसते. पण दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो.

पहिल्यांदा ती शाळेत पडली. पहिलीची मुलं मैदानात पळत होती, ही मधेच आडवी झाली आणि लगेच उठलीही. बाईंनी फोनवर मलाच विचारलं, सकाळी काही खायला दिलं नव्हतं का? दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांदेखत पडली, आमच्या अकोले गावच्या एसटी स्टँडवर. गाडी सुटत होती, आम्ही दोघी धावलो, आणि माझ्या हातातला तिचा हात एकदम जड झाला. वळून बघते तर ती खाली. ओठ पांढरे. कुणीतरी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. तेवढ्यात तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "गाडी गेली का?"

संगमनेरला नाशिकहून एक डॉक्टरीणबाई येतात, लहान मुलांच्या हृदयाच्या. त्यांनी यशूच्या छातीवर जेल लावून बराच वेळ मशीन फिरवलं. त्या स्क्रीनकडे बघत होत्या, मी त्यांच्या भुवयांकडे.

"हृदयाची मधली भिंत वयाच्या मानानं थोडी जाड आहे," त्या म्हणाल्या. "थोडीच. औषध मी आजच सुरू करते. पळणं, पोहणं बंद. पण औषधावर भागेल, की छातीत मशीन बसवण्याचा विचार करावा लागेल, हे बरंचसं घराण्यावर ठरतं. हा दोष घराण्यातून उतरतो. तुमच्या दोघांच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

मी माझ्या माहेरचं सगळं सांगितलं. आजोबा दम्यानं, मामा अपघातात. मग त्यांनी नितीनकडे बघितलं.

"नाही," नितीन म्हणाला.

मी नवऱ्याकडे बघतच राहिले. गावाकडच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक तिसरा फोटो आहे. बारीक मिशी, नवीन शर्ट, कॉलरला अजून घडीची रेघ. नितीनचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन यायच्या आधीच गेला, विशीत.

"आणि सचिनभावजी?" मी म्हणाले.

"तो बुडाला. विहिरीवर पाय घसरला." हे त्यानं मला नाही, टेबलावरच्या पेनस्टँडला सांगितलं.

"पोहता येत नव्हतं?" बाईंनी विचारलं.

नितीन म्हणाला, "येत होतं. धरणाच्या पाण्यात पैजा लावायचा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पोस्टमॉर्टेम झालंच असेल. तो अहवाल आणा. चांगलं पोहणारा तरुण मुलगा पाण्यात गेला, तर मला त्याचं हृदय कसं होतं ते कळायला हवं. तसं काही असेल तर या मुलीचा विचार वेगळा करावा लागेल. आणि तुमचीही तपासणी."

बाहेर येताना नितीन दवाखान्याचा जिना नुसता उतरला होता, चढला नव्हता. तरी खाली येऊन तो थांबला आणि खिशातून मोबाईल काढून उगाच बघत राहिला. ही त्याची सवय मला ठाऊक आहे. गावातल्या चढावरही तो असाच मधे थांबतो, मोबाईल बघतो. कुणाचा मेसेज असतो, कधी सांगत नाही.

"आईपुढे हे नाव काढायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"तू नव्हतीस तेव्हा."

"यशू पण नव्हती तेव्हा. आता आहे."

तो मोबाईल खिशात टाकून चालू लागला. दूध शीतकरण केंद्रात कामाला आहे तो. घरीही कधीकधी तसाच थंड होऊन बसतो.

मग मीच पोलीस ठाण्यात गेले. गोरक्षनाथ नावाचे हवालदार होते, पोट सुटलेले, बोलायला मोकळे. त्यांनी जुनं रजिस्टर काढून बोटानं रकाने शोधले.

"हाय बघा. अकस्मात मृत्यू. फाईल खाली रेकॉर्डला असंल. अर्ज द्या आईचा."

"भावाचा चालेल का? माझे मिस्टर—"

"वडील?"

"ते वारले."

"आई हयात हाय ना? मंग आईचीच सही पायजे. उद्या ती म्हातारी हितं येऊन उभी राहिली, माझ्या पोराचा कागद सुनंला कोनी दिला म्हनून, तर मी काय सांगू?" मग त्यांनी रजिस्टरमधल्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. "हितं तर शेरा हाय, की नातेवाइकांना कळवलं, कागद घेऊन जावा. कोनीच आलं न्हाई वाटतं."

"कोणीच नाही?"

"ताई, आमी कळवू शकतो. उचलून आनू शकत न्हाई."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. पोटचा मुलगा गेला, आणि तो कशानं गेला हा कागद कुणी आणायलाच गेलं नाही?

रविवारी मी यशूला घेऊन गावी गेले. नितीनला सुट्टी नव्हती. असती तरी तो आला नसता. आमचं गाव राजूरच्या वर, जीप फाट्यावर सोडते आणि पुढे चढ. यशूला मी कडेवर घेतलं. सहा वर्षांची मुलगी कडेवर बघून बाया हसत होत्या. हसू देत.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या अंगणात भात पाखडत बसल्या होत्या. त्यांचा, भामाबाईंचा, गावात जरा वचकच. अंगठा लावणाऱ्या बायांना सही शिकवायला घराघरांत जाऊन बसलेली बाई. सचिनभावजींच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे स्मृतिदिनी, दरवर्षी बुद्धवंदना झाली की त्या स्वतःच उभ्या राहून सांगतात, 'माझ्या सचिनचा पाय घसरला.' दरवर्षी हेच वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलंय, पण असं कुणी सांगत का राहावं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"लेकराला कडंवर का घेतलंय? पाय मोडलाय व्हय तिचा?"

"आजी, मला पळायचं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या," यशूनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"त्या डाक्टरनीला म्हनावं, लेकरं काय शोकेसमदी ठिवायची असत्यात?"

मी यशूला ओट्यावर बसवलं, हातात बोरं दिली आणि आत्यांच्या समोर बसले. घरून वाक्यं जुळवून आणली होती. एकही आठवेना.

"आत्या, सचिनभावजींचा शवविच्छेदनाचा कागद हवाय. पोलीस ठाण्यात आहे. तुमची सही लागते."

सूप हातातच राहिलं. त्यातला भात एका बाजूला घसरला.

"कशापायी?"

"यशूच्या हृदयात दोष आहे. घराण्यात कुणाला होता का, ते बघायचंय. तिचा इलाज त्यावर ठरणार आहे."

"माझ्या पोराचा पाय घसरला. समद्या गावाला ठावं हाय."

"मग कागदात तेच असेल. बघायला काय—"

"एकदा फाडलाय त्याला." आवाज चढला नव्हता, तेच जास्त भीतीचं होतं. "शिवून दिला मला. आता तू पुन्यांदा फाडनार व्हय? शिकलेली हायस म्हनून?"

"आत्या, मी भावजींसाठी नाही, यशूसाठी—"

"यशूला काय धाड भरलीय? बापावानी काटक हाय. तुमी पुस्तकं वाचता आन् लेकरांना आजार लावता. नितीनला ठावं हाय का तू आलीस ते?"

मी खाली सुपाकडे बघितलं.

"म्हंजी न्हाई. नवऱ्याला चोरून सासूची सही न्यायला आलीस. गुनाची गं बाई!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. मी तोंड फिरवलं आणि ओटा रिकामा दिसला.

बोरं तिथंच होती. यशू कोंबडीमागे अंगणाच्या टोकाला पोचली होती, दोन्ही हात पुढे करून, खिदळत. मी ओरडले, "यशू, थांब!" आणि ती थांबली. पण माझ्या ओरडण्यानं नाही. ती जागच्या जागी उकिडवी बसली. एक हात जमिनीला टेकवला, दुसरा छातीवर, मान खाली. जमिनीतून येणारा कसला आवाज ऐकत असावी तशी.

माझ्या आधी आत्या पोचल्या. एवढ्या वयाची बाई कशी उठली, कशी धावली, मला दिसलंच नाही. मी पोचले तेव्हा यशू त्यांच्या मांडीत होती.

"आजी, दम लागला," ती म्हणाली.

हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. ती पडली नव्हती, शुद्धीवर होती, आता बरी दिसत होती. मी आत्यांकडे बघितलं, आणि त्या यशूकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या जमिनीकडे, जिथं धुळीत यशूच्या तळव्याचा ठसा उमटला होता.

"असाच बसायचा," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"बांधावर. एक हात भुईला लावून. मी म्हनायची, नाटक्या, ऊठ."

मी आणखी काही विचारलं असतं तर त्या परत मिटल्या असत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी यशूला माझ्याकडे दिलं, पदर झाडला आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या धुवट लुगडं नेसून, आधारकार्ड हातात धरून.

"सही कुटं करायची? चल. माझं मन फिरायच्या आत चल."

ठाण्यात त्यांनी अर्जावर सही केली, एकेक अक्षर दाबून, खालच्या कागदावर उमटेल इतकं. गोरक्षनाथ हवालदार चावी घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेले. "वाळवीनं सोडलं असंल तर आनतो," म्हणाले. आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. यशू माझ्या मांडीवर झोपली होती. मी तिच्या नाकाशी बोट धरलं होतं.

"भरतीची तयारी चालली हुती त्याची," आत्या अचानक बोलल्या. माझ्याकडे न बघता, समोर उभ्या जप्तीच्या गाड्यांकडे बघत. "पोलीस भरती. रोज फाट्यापर्यंत पळायचा. पयला कायी नव्हतं. मंग म्हनायला लागला, आई, छातीत कसंतरी व्हतं. मी म्हनायची, भरती जवळ आली की तुला कसंतरी व्हतंय."

मी यशूचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

"त्या दिशी म्हनला, आज नगं. आज न्हाई जात. मी म्हनले, तुज्या बापानं जलमभर दुसऱ्याच्या बांधावर घाम गाळला, तुला दोन पावलं पळाया नगं? जा. न्हाईतर तोंड दावू नगंस." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गेला. तिकडून पळून आला आन् हिरीवर गेला. मंग पोरंच वरडत आली."

"आत्या—"

"थांब. दवाखान्यात त्या वक्ताचा हवालदार म्हनला, कारन राखून ठिवलंय, व्हिसेरा पाठवलाय. मी म्हनले, म्हंजी काय? तिथं एक बाप्या उभा हुता, तो म्हनला, इख घेतलंय का ते बघत्यात, उगं न्हाई ठेवत." आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला तवाच कळलं. पोहनारं पोर हिरीत मरत नसतं. ह्यांना मी सांगितलं, पाय घसरला, मिटलं, त्या कागदाकडं कोनी जायाचं न्हाई. नितीनला पन शपथ घातली."

म्हणून वर्षानुवर्षं तेच वाक्य. कॉलेजात मी शास्त्र शिकले होते. मरणाचं कारण बाहेरून स्पष्ट दिसत नसलं की ते राखून ठेवतात आणि आतल्या अवयवांचे नमुने, म्हणजे व्हिसेरा, तपासणीला पाठवतात, तो नेहमीचा रिवाज आहे, संशयच असतो असं नाही, हे मी त्यांना दोन वाक्यांत सांगू शकले असते. पण सांगायचं धैर्य होईना. कारण कागद अजून आत होता. आणि त्यात खरंच विष असलं तर?

हवालदार आले. बाहीला कोळ्याची जाळी चिकटली होती. फाईलचे कोपरे खाल्लेले, पण आतली पानं शाबूत. पहिला कागद शवविच्छेदनाचा. हातानं लिहिलेलं इंग्रजी, खाली शिक्का. मृत्यूचे कारण: राखून ठेवले. हृदय आणि व्हिसेरा तपासणीला पाठवले. त्यामागे पंचनामा. आणि अगदी शेवटी, टाचणीला गंज चढलेला, अंतिम अहवालाचा टाईप केलेला एक कागद, जो कुणी कधी न्यायलाच आलं नव्हतं.

माझे डोळे आपोआप एकच शब्द शोधत होते. हृदय कुठे आहे? हृदय...

"आधी इखाचं वाच," आत्या म्हणाल्या.

मी वाचलं. "कोणतंही विष आढळलं नाही."

"कुटं लिव्हलंय?"

मी बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी त्या ओळीकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग कागद माझ्या हातातून काढून हवालदारांपुढे धरला. "तुमी वाचा. ही माझी सून हाय, मला बरं वाटावं म्हनून कायबी वाचंल."

हवालदारांनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली. "न्हाई, आई. इख बिख कायी न्हाई. सरळ लिव्हलंय."

आत्या खाली बसल्या. बाकावर नाही, फरशीवर.

आणि त्याच वेळी मला ती खालची ओळ सापडली. हृदय आकारानं मोठं. मधली भिंत जाड. स्नायूंची रचना विस्कटलेली. मृत्यूचं कारण, हृदयाच्या स्नायूचा आजार. पाण्यात असताना अचानक हृदय बंद पडलं असावं. माझ्या मांडीवर यशू झोपेत हलली. इतके दिवस मी हा कागद मिळावा म्हणून जीव टाकत होते. आता वाटलं, वाळवीनं खाल्ला असता तर!

"म्हंजी त्यानं जीव दिला न्हाई," खालून आवाज आला.

"नाही, आत्या. हृदयाचा आजार होता. जन्मापासून असणार."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. गाड्यांवर ऊन तापलं होतं, त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी त्याला खरंच दम लागत हुता."

खोटं बोलायला ती चांगली वेळ होती. पण ज्या बाईनं इतकी वर्षं एक खोटं दरवर्षी उभं राहून सांगितलं, तिच्या हातात मी आणखी एक कसं देऊ?

"हो," मी म्हणाले.

नितीनला मी घरी आल्यावर कागद दिला. तो उभ्या उभ्या वाचत होता, आणि आत्या परक्याला हिशेब द्यावा तशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "मीच सही दिली. तिला कायी बोलू नगं." त्या आमच्याबरोबर अकोल्यालाच आल्या होत्या. किती दिवस राहणार, कुणी विचारलं नाही.

पुढच्या वेळी संगमनेरला आम्ही चौघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, परत पहिलं पान काढलं. मी परत त्यांच्या भुवया बघत होते.

"बरं झालं आणलात," त्या म्हणाल्या. "हिला नाशिकला मोठ्या तपासण्यांसाठी घेऊ. मशीनचा निर्णय तिथं होईल, पण आता मी वाट बघणार नाही. यात लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. त्यांना आधी काही त्रास व्हायचा? चक्कर, धाप?"

नितीननं तोंड उघडलं.

"व्हायचा," आत्या म्हणाल्या. खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या, पुण्यानुमोदनाला राहतात तशा. "माझा सचिन. त्याला दम लागायचा. पळताना. छातीत कसंतरी व्हायचं. तो सांगायचा. लई येळा सांगायचा. लिव्हा तुमी."

बाईंनी लिहून घेतलं. मग नितीनकडे बघितलं. "आता तुम्ही. आत चला, शर्ट काढून आडवे व्हा. तुम्हाला कधी असं काही?"

"नाही, मला काही नाही," नितीन लगेच म्हणाला. आणि त्याचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला.

तो हात मी बघितला. दवाखान्याच्या पायऱ्या आठवल्या, गावचा चढ आठवला, प्रत्येक वेळचा तो न आलेला मेसेज. मी बोलणार, तेवढ्यात आत्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाप्या माणसाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, लहान पोराचा धरावा तसा.

"नितीन, दम लागतो का तुला? खरं सांग बाळा. मी कायी म्हननार न्हाई."

नितीननं आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाला लटकून पेनस्टँड उलटापालटा करत असलेल्या यशूकडे.

"लागतो, आई," तो म्हणाला.